कान्हेरीचा ग्रंथनिधी आणि नावाची चिठ्ठी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत इसवी सनाच्या नवव्या शतकातले तीन संस्कृत लेख आहेत. शके ७६५, ७७५ आणि ७९९. तिन्ही राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातले, आणि तिन्हींत त्याचे मांडलिक असलेले उत्तर कोकणचे शिलाहार राजे येतात. एफ. कीलहॉर्न यांनी ते ‘इंडियन अँटिक्वरी’च्या तेराव्या खंडात प्रसिद्ध केले. पुढे वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे कोरीव लेख एकत्र संपादित केले.

यातला पहिला, म्हणजे इ. स. ८४३च्या सुमाराचा लेख पुस्तकप्रेमी माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे. राजा पुल्लशक्ती. दाता कृष्णगिरीच्या, म्हणजे कान्हेरीच्या, भिक्षुसंघाला द्रम्म (त्या काळची नाणी) देतो आणि ते कशाकशावर खर्चायचे तेही सांगतो: बुद्धाची पूजा, विहाराची डागडुजी, भिक्षूंची वस्त्रे आणि ग्रंथ. अ. स. आळतेकरांनी या दात्याचे नाव भद्रविष्णू असे दिले आहे. मुंबईच्या उपनगरांत पुस्तकांसाठी पैसे बाजूला ठेवल्याचा इतका जुना आणि इतका नेमका दुसरा पुरावा माझ्या वाचनात नाही.

ग्रंथांसाठी तरतूद का करावी लागली, याचे उत्तर त्या यादीतच आहे असे मला वाटते. पूजा रोजची, वस्त्रे दरवर्षी झिजणारी, दुरुस्ती पावसाळ्यानंतर हमखास निघणारी. या तिन्हींच्या पंक्तीला ग्रंथ बसवले आहेत, म्हणजे तेही पुन्हा पुन्हा येणाऱ्या खर्चात मोजले जात होते. चार महिने ओल धरणाऱ्या डोंगरात हस्तलिखित फार टिकत नाही. कीड लागते, पाने एकमेकांना चिकटतात, नवी नक्कल करून घ्यावी लागते. मुद्दल कायम ठेवून व्याज खर्चायची अक्षयनीवीची रीत कान्हेरीला सातवाहनकाळापासून ठाऊक होती, आणि अशा खर्चाला तीच सोयीची. ग्रंथसंग्रह म्हणजे सतत राखायची गोष्ट, ही समज त्या विहारात होती.

दहा वर्षांनंतरचा, शके ७७५चा लेख शेजारी ठेवला की हे वेगळेपण आणखी ठळक होते. त्यातला दाता गौड देशाहून आलेला अविघ्नाकर. तो शंभर द्रम्म ठेवतो आणि व्याजातून भिक्षूंना वस्त्रे द्यायला सांगतो. पुस्तके प्रत्येकाला सुचत नव्हती. अर्थात कान्हेरी यात एकटी नाही. वलभीच्या मैत्रकांच्या सहाव्या शतकातल्या दानपत्रात बौद्ध विहाराच्या ग्रंथसंग्रहासाठी तरतूद आहे. पालराजा देवपालाच्या नालंदा ताम्रपटात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेवासाठी पाच गावे दिली आहेत, आणि त्या उत्पन्नाच्या खर्चात ग्रंथलेखन आहे. तिथे देणारे राजे होते.

देणाऱ्याचे नाव ग्रंथाशी जोडण्याची आणखी एक रीत म्हणून आता युरोपातल्या बुकप्लेटकडे वळू, म्हणजे पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या, मालकाचे नाव किंवा कुलचिन्ह छापलेल्या चिठ्ठीकडे. तिच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक जर्मनीतला, सुमारे १४८०चा. लाकडी ठशाने छापलेला, हाताने रंगवलेला देवदूत, त्याच्या हातात बैलाचे चित्र असलेली ढाल. ही हिल्डेब्रांड ब्रांडेनबुर्ग याची निशाणी. बुक्सहाइमच्या मठाला त्याने जे ग्रंथ दिले, त्यांत ती चिकटवलेली आहे. बुकप्लेट म्हटले की ‘हे माझे’ असा मालकीचा सूर मनात येतो. पण या चिठ्ठीवरचे चिन्ह ग्रंथ देणाऱ्याचे आहे, आणि ग्रंथ मठाचे. कान्हेरीच्या दात्याचे नातेही नेमके असेच. फरक एवढाच की ब्रांडेनबुर्गची चिठ्ठी ग्रंथाच्या अंगावर राहिली आणि आपल्याकडचा लेख कातळावर. म्हणून तिथे आज पुस्तकही हाती घेता येते, इथे फक्त नोंद.

मालकीचा सूर आपल्या पोथ्यांतही आहे. ‘इदं पुस्तकं’ अशी सुरुवात, मग ‘अमुक इत्युपनामक’ म्हणून आडनाव, मग मालकाचे नाव, कधी शक आणि संवत्सर. त्याच्याच आसपास तेलापासून, पाण्यापासून आणि मूर्खाच्या हातापासून पोथी सांभाळा, अशी लेखकूची विनवणी. चित्र नाही, छापील चिठ्ठी नाही, पण काम तेच. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) युरोपीय भाषांतले चार हजारांहून अधिक ग्रंथ जमवले आणि त्यांवर इंग्रजीत स्वतःची सही केली. त्यांचे सरस्वती महाल ग्रंथालय १९१८मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्या सह्यांमुळे राजाने कोणती पुस्तके जवळ बाळगली, हे आजही एकेक प्रत हातात घेऊन सांगता येते. मुंबईशी नाते असलेली चित्रमय बुकप्लेटही आहे: जे. जे. कलाशाळेत १८६५पासून शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी मुलगा रडयार्डसाठी काढलेली. त्यात हत्तीवरच्या अंबारीत एक जण वाचत बसला आहे.

उपनगरांतल्या सार्वजनिक वाचनालयांत आज जी चिठ्ठी सर्वाधिक दिसते, ती ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ही. मी तिला ब्रांडेनबुर्गच्या देवदूताच्या आणि कान्हेरीच्या लेखाच्या घराण्यातच धरतो. तिला जपण्याची व्यवस्था मात्र अपुरी आहे. पुस्तक बांधणीला गेले की पुठ्ठ्याच्या आतला कागद बदलतो आणि चिठ्ठी त्याच्याबरोबर जाते. पुस्तक रद्दबातल झाले तर ते चिठ्ठीसकट रद्दीत. दाखल नोंदवहीत दात्याचे नाव, तारीख आणि पुस्तकावरच्या जुन्या सह्या लिहून घेतल्या आणि चिठ्ठीचा एक फोटो दाखल क्रमांकाखाली ठेवला, तर एका वस्तीत कोणत्या घरांत काय वाचले जात होते याचा इतिहास लिहायला साधन उरेल. बांधणीला पाठवायच्या गठ्ठ्यांपासून हे काम सुरू करता येईल.