बुर्जी

चिखलीला उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हत्तीने आजोबांचं शेवटचं प्यादं मारलं. त्यांचा राजा एकटा! आजोबा शांतपणे म्हणाले, "बुर्जी झाली." म्हणजे बरोबरी. मी जाम भडकलो. (चीटिंग वाटली, दुसरं काय!)

पण देशी बुद्धिबळाचा तो नियमच होता. जिंकायचं तर समोरच्याचं एखादं प्यादं जपायला लागायचं. युरोपीय पद्धतीत मात्र राजा आणि हत्ती मिळून एकट्या राजावर हुकमी मात. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं, मूळ संस्कृतातलं पुस्तक १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं, तेही युरोपीय पद्धतीला जुळवूनच.

हत्ती-प्याद्याविरुद्ध नुसता हत्ती असेल तर? फिलिदोरने १७७७ मध्ये बचाव दिला: राजा प्याद्यासमोर, हत्ती आपल्या तिसऱ्या रांगेत. प्यादं त्या रांगेत सरकलं की हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत बसायचं. जिंकायची प्रसिद्ध 'लुसेना स्थिती' लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात नाहीच, ती साल्व्हिओच्या १६३४ च्या पुस्तकात आहे. असो.

मागच्या दिवाळीत आजोबांना हे सगळं मांडून दाखवलं. "बरं आहे," म्हणाले, "पण एकट्या राजाला मारण्यात कसली मर्दुमकी?" आणि पट पुन्हा मांडला. देशी पद्धतीने.