दारातला स्पीकर आणि भोकांचं खोकं

गाडीच्या दारात महागातले स्पीकर बसवले, तरी ढोल पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. दुकानदार म्हणतो, अजून मोठे घ्या. मी म्हणतो, थांबा, आधी थोडा इतिहास ऐका, कदाचित पैसे वाचतील.

१९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विनच्या कंपनीने 'मोटोरोला' नावाचा कार रेडिओ आणला. पुढे बरीच वर्षं डॅशबोर्डमधल्या एकाच स्पीकरवर भागायचं. १९६५ मध्ये फोर्डने पुढच्या वर्षीच्या मॉडेलांत एट-ट्रॅक टेप प्लेअर दिला आणि स्टिरिओ गाडीत शिरला. स्टिरिओला डावा-उजवा आवाज वेगळा हवा. मग दोन्ही बाजूंना जागा कुठे? दारात!

इथेच घोळ आहे. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो, तेव्हा मागची हवा विरळ होते. या दोन लाटा भेटल्या की खर्ज तिथल्या तिथे मरतो. हे काही नवं ज्ञान नव्हतं. घरच्या स्पीकरसाठी एडगर विल्चर यांनी १९५४ मध्येच हवाबंद खोकं वापरलं होतं. आणि दार? काच सरकायला फट, मेकॅनिकचा हात जायला भोकं, वर स्वतःच थरथरणारा पातळ पत्रा. खोकं म्हणून याहून वाईट वस्तू सापडणं कठीण!

हे मनावर घेतलं एमआयटीतले प्राध्यापक अमर बोस यांनी. (त्यांचे वडील बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेलेले. त्यावर एक वेगळा भाग करावा लागेल.) जनरल मोटर्सच्या १९८३ च्या काही मॉडेलांसाठी त्यांच्या कंपनीने त्या-त्या गाडीच्या आतल्या जागेनुसार यंत्रणा बसवली. नुसता स्पीकर विकायचा नाही, गाडीसकट आवाज घडवायचा. मला तरी खरं वळण हेच वाटतं.

आज तेच काम आपण घरीही करू शकतो. आतल्या पत्र्याची भोकं बंद करा, पत्र्यावर ब्यूटाइलचे तुकडे चिकटवा, स्पीकरच्या कडेला फोमची रिंग लावा. फक्त दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका. काचेवरून पाणी आत येतंच, आपल्याकडच्या पावसात दार गंजेल. आणि दोन्ही दारांत वायरचं प्लस-मायनस सारखं आहे ना, बघा. एक उलटं असेल तर पुन्हा तीच मारामारी, फक्त या वेळी दोन दारांमध्ये.