मानेसर ते धावपट्टी : एनएसजीच्या विमान-मुक्ती पथकाची वाटचाल

२९ सप्टेंबर १९८१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एक विमान खलिस्तानवादी दल खालसा संघटनेच्या अपहरणकर्त्यांनी लाहोरला नेले. प्रवासी सुखरूप परतले, पण अपहरणकर्त्यांना जेरबंद केले पाकिस्तानी कमांडोंनी. विमान आपले, प्रवासी आपले आणि सुटका मात्र दुसऱ्याच्या बळावर, ही गोष्ट दिल्लीला बोचणे स्वाभाविक होते. १९८४ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये आणखी दोन विमाने लाहोरकडे वळवली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये सुवर्णमंदिरात लष्कर घालावे लागले होते. ओलिसांमध्ये मिसळलेला सशस्त्र माणूस टिपायचा आणि बाकीच्यांना ओरखडाही येऊ द्यायचा नाही, हे काम रणगाड्याचे नाही आणि ठाण्यातल्या पोलिसाचेही नाही, हे त्या उन्हाळ्यात पुरते स्पष्ट झाले.

१६ ऑक्टोबर १९८४ हा राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा, म्हणजेच एनएसजीचा, स्थापना दिन मानला जातो. कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते १९८६ मध्ये, संसदेने स्वतंत्र अधिनियम मंजूर केल्यावर. समोर नमुने होते ब्रिटनच्या एसएएसचे आणि जर्मनीच्या जीएसजी-९ चे. म्युनिक ऑलिंपिकच्या हत्याकांडानंतर उभ्या राहिलेल्या या जर्मन पथकाने ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मोगादिशू विमानतळावर लुफ्तान्साच्या ‘लँड्सहूट’ विमानातील सर्व ८६ ओलिसांची सुटका केली होती. चारपैकी तीन अपहरणकर्ते ठार झाले.

दलाची घडण आगळी ठरली. स्वतःची थेट भरती नाही, सगळे प्रतिनियुक्तीवर. प्रत्यक्ष धडक देणाऱ्या स्पेशल अॅक्शन ग्रुपमध्ये सैन्यदलातील जवान, तर स्पेशल रेंजर ग्रुपमध्ये केंद्रीय सशस्त्र दले आणि राज्य पोलिसांतून आलेले. हरियाणातील मानेसरच्या तळावर जे प्रशिक्षणात टिकत नाहीत ते मूळ तुकडीत परत जातात. त्यात कमीपणा मानला जात नाही. विमान अपहरणाची जबाबदारी ५२ स्पेशल अॅक्शन ग्रुपकडे आली.

विमानात शिरणे म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. प्रवासी विमानाच्या मधल्या वाटेत दोन माणसे शेजारी उभी राहू शकत नाहीत. दोन्ही बाजूंना माणसे बसलेली, आणि घाबरलेला प्रवासी हमखास उठून उभा राहतो, नेमका गोळीच्या रेषेत. म्हणून दरवाजे आणि पंखांवरच्या संकटकालीन खिडक्या एकाच क्षणी उघडाव्या लागतात. शिडीची उंची विमानागणिक वेगळी. दरवाज्याची मूठ कोणत्या दिशेला फिरते, दार बाहेर येते की आत जाते, हे हाताला अंधारात ठाऊक असावे लागते. घाईची किंमत जगाने नोव्हेंबर १९८५ मध्ये माल्टात पाहिली. इजिप्तच्या कमांडोंनी इजिप्तएअरचे विमान स्फोटकांनी फोडून आत प्रवेश केला. आगीत, धुरात आणि गोळीबारात पन्नासहून अधिक माणसे गेली. मारण्याची मुभा असणे आणि ती कुठे वापरायची नाही हे कळणे, यांतले अंतर या पथकाच्या सरावात सतत मोजले जाते.

अमृतसरच्या सुवर्णमंदिर परिसरात मे १९८८ मध्ये झालेल्या ‘ऑपरेशन ब्लॅक थंडर’ने दलाचे नाव देशभर झाले. विमानाच्या बाबतीत कसोटी आली ती २४ एप्रिल १९९३ रोजी. दिल्लीहून श्रीनगरला निघालेले आयसी-४२७ हे बोइंग ७३७ विमान १४१ जणांसह पळवले गेले. पाय मोडल्याचे सोंग करून प्लास्टरमध्ये पिस्तुले दडवून आलेला एकच इसम होता आणि त्याला काबूल गाठायचे होते. लाहोरने विमान उतरू दिले नाही, ते अमृतसरला आले. बोलणी रात्रीपर्यंत चालली. मध्यरात्र उलटल्यावर, एकच्या सुमारास, पथक आत शिरले आणि काही मिनिटांत ‘ऑपरेशन अश्वमेध’ आटोपले. अपहरणकर्ता ठार झाला. प्रवासी आणि कर्मचारी सगळे सुखरूप. या यशात बोलणी लांबवणाऱ्या अधिकाऱ्यांचा, विमान जमिनीवर राखणाऱ्या विमानतळ कर्मचाऱ्यांचा आणि आत संयम राखलेल्या वैमानिकांचा वाटा तेवढाच मोठा होता. गोळी झाडणाऱ्याला वेळ मिळवून देणारे हात सहसा बातमीत येत नाहीत.

तोच वेळ सहा वर्षांनी मिळाला नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे आयसी-८१४ त्याच अमृतसरला उतरले आणि पाऊण तासाहून थोडा अधिक काळ तिथे उभे होते. कॅप्टन देवी शरण यांनी विमान शक्य तितके रोखून धरले. पण दिल्लीतला निर्णय आणि धावपट्टी यांची गाठ पडली नाही. एनएसजीची तुकडी पोहोचण्याआधीच विमान उडाले. विमानातील प्रवासी रूपिन कत्याल यांची हत्या झाली आणि ३१ डिसेंबरला कंदाहारमध्ये मसूद अझहरसह तीन दहशतवाद्यांना सोडून प्रवाशांना परत आणावे लागले. जवानांच्या नेमबाजीत खोट नव्हती. त्यांना तिथवर नेणारी साखळी तुटली होती, आणि दलाच्या इतिहासातले हे पान झाकून ठेवण्यासारखे नाही.

त्यानंतरचे बदल झपाट्याने झाले. विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली; फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली. निवडक उड्डाणांवर साध्या वेशातले सशस्त्र स्काय मार्शल बसू लागले आणि ती जबाबदारी एनएसजीकडे आली. अमेरिकेतील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर प्रश्नच बदलला: अपहृत विमान हेच शस्त्र ठरले तर? ऑगस्ट २००५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या धोरणात, मोक्याच्या ठिकाणावर आदळू पाहणारे विमान पाडण्याचीही तरतूद आली. यात धडक देणाऱ्या पथकाला कामच उरत नाही. विमान जमिनीवर असतानाच प्रश्न सुटावा, हा आग्रह त्यामुळेच अधिक तीव्र झाला.

उशिराचा दुसरा धडा मुंबईने दिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शहरावर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा जवान सज्ज होते, पण वाहून नेणारे आयएल-७६ विमान चंडीगढला होते. २७ च्या पहाटे मुंबईत उतरलेल्या जवानांनी ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउस मोकळे केले. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह यांनी प्राण वेचले. पुढच्याच वर्षी मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे प्रादेशिक केंद्रे सुरू झाली आणि गरज पडल्यास खासगी कंपनीचे विमानही ताब्यात घेण्याचा अधिकार महासंचालकांना मिळाला. गांधीनगरचे केंद्र नंतर आले.

१९८२ च्या अपहरणविरोधी कायद्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली. ओलीस किंवा सुरक्षा कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास त्यात फाशीची तरतूद आहे. एनएसजीने २०२४ मध्ये चाळीस वर्षे पूर्ण केली.  विमानतळांवर अपहरणाची रंगीत तालीम होते. त्यात हवाई वाहतूक नियंत्रण, विमान कंपन्या, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आणि स्थानिक पोलीस सगळे उतरतात. प्रतिनियुक्ती संपली की जुने जवान आपापल्या पलटणीत परततात, आणि नव्या तुकडीला दरवाज्याची मूठ पुन्हा पहिल्यापासून शिकवली जाते.