नाचाच्या पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा कसा घालवावा

आपल्या पेडणे भागात चवथीला फुगडी, पौषात धालो आणि फाल्गुनात शिगमो. एरवी हे कपडे पेटीत बंद असतात. घामाचे व तेलाचे अंश राहिले की पावसाळ्याच्या दमटपणात पांढरी धोतरे, सदरे पिवळे पडतात.

उपाय कापडावर अवलंबून असतो. सुती कपडे ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पूड, कोमट पाण्यात विरघळवून चार-पाच तास भिजवावेत, मग स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावेत. प्रमाण पाकिटावर पाहावे. ही पूड रेशीम व लोकरीला वापरू नये.

क्लोरीनचे ब्लीच रेशीम आणि इलास्टिकचा धागा कमजोर करते व पिवळेपणा वाढवते. पाण्यातील लोहाचे तांबूस डागही त्याने पक्के होतात. पांढऱ्या सुती कापडावर त्यासाठी लिंबाचा रस व मीठ लावावे. नीळ पिवळेपणा काढत नाही, झाकते. म्हणून ती शेवटच्या पाण्यात घालावी.

रंगीत कपड्याचा उडालेला रंग ब्लीचने परत येत नाही. जरीची जुनी लुगडी भिजवूच नयेत, जाणकाराकडे द्यावीत. बाकी कपड्यांवरही आधी आतल्या शिवणीवर थेंब लावून पाहावा, असे आम्ही सुचवतो. आजीचे लुगडे बाजारात पुन्हा मिळत नाही.