दोरी धरणाऱ्या हाताची परीक्षा

श्वानप्रदर्शनासारख्या साहेबी शोकाचा आमच्या कापसाच्या मुलखाशी काय संबंध, असे आपणांपैकी कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. आपल्याकडे कुत्र्याच्या जागा दोन. एक दत्ताच्या पायाशी आणि दुसरी उंबऱ्याच्या बाहेर. गळ्यात रेशमी पट्टा घालून रिंगणात फिरण्याची तिसरी जागा त्याला विलायतेने दिली. परंतु आज मला कुत्र्याविषयी थोडे आणि त्याची दोरी धरणाऱ्या माणसाविषयी अधिक बोलावयाचे आहे. जनावर पारखण्याची विद्या फार जुनी आहे. जनावर धरणाऱ्या माणसाची पारख जनावराहून वेगळी काढून करावी, हे मात्र मनुष्याला पुष्कळ उशिरा सुचले, आणि सुचले तेही प्रथम मुलांसाठी.

आधुनिक श्वानप्रदर्शनाचा आरंभ १८५९ च्या जून महिन्यात इंग्लंडातील न्यूकॅसल येथे झाला, असे सर्वसाधारणपणे मानतात. कोंबड्यांच्या प्रदर्शनाला जोडून भरविलेला तो एक लहानसा मेळावा होता. पॉइंटर व सेटर ह्या शिकारी कुत्र्यांच्या दोनच जाती त्यात होत्या आणि एकूण कुत्री साठाच्या आसपास होती. बक्षीस म्हणून बंदुका ठेविल्या होत्या. निकाल लागला तेव्हा गंमत झाली. पॉइंटरांच्या परीक्षकांपैकी एका गृहस्थाचा सेटर पहिला आला, आणि सेटरांच्या परीक्षकांपैकी एकाचा पॉइंटर पहिला आला. ह्यात कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. कुत्री खरोखर चांगली असतीलही. परंतु परीक्षकाने कोणाकडे पाहावे आणि कोणाकडे पाहू नये, हा प्रश्न पहिल्याच दिवशी जन्मास आला. पुढे १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, त्याच्या मुळाशी प्रदर्शनांना काही शिस्त लावावी ही गरज होती. १८७७ साली न्यूयॉर्कचे वेस्टमिन्स्टर प्रदर्शन सुरू झाले, त्यात पहिल्याच वर्षी बाराशेंवर कुत्री आली.

एवढी कुत्री रिंगणात आणणार कोण? मालक तर टोपी सावरीत कडेला उभा. मग पैसे घेऊन दुसऱ्याचे कुत्रे रिंगणात फिरविणारा एक धंदेवाईक वर्ग निर्माण झाला. त्याला हँडलर म्हणतात. त्याने कुत्र्याला महिनोन्महिने चालावयास शिकवावे, अंगावर परक्याचा हात पडला तरी शांत उभे राहण्याची सवय लावावी, दात दाखविताना मान न झटकण्याइतका विश्वास त्याच्या मनात उत्पन्न करावा. आणि ढाल मात्र मालकाच्या दिवाणखान्यात जावी. व्यवहार म्हणून ह्यात वावगे काही नाही. मजुरी ठरलेली असते. पण बक्षीस नेमके कशाला मिळाले, जनावराच्या रक्ताला की त्या हाताला, हे कोणी विचारीत नसे.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर मुधोळचे घेता येईल. घोरपड्यांचे हे मराठा संस्थान आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी त्या भागातील सडपातळ, लांब पायांच्या, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या कुत्र्यांकडे लक्ष दिले, त्यांची पैदास सांभाळली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली, असे सांगतात. मुधोळ हाउंड हे नाव तेव्हापासून रूढ झाले. महाराष्ट्रात त्यालाच कारवानी म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हाही होता. राजांचे श्रेय राजांना दिलेच पाहिजे. तथापि ही कुत्री मालोजीरावांच्या आधी कित्येक पिढ्या त्या मुलखातील शिकारी जमातींनी आणि मेंढपाळांनी पाळली, निवडली, सशामागे सोडली. त्या हातांपैकी एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही.

हा क्रम प्रथम मोडला तो अमेरिकेत, १९३२ साली. लिओनर्ड ब्रम्बी हा स्वतः धंदेवाईक हँडलर. त्याच्या पुढाकाराने लाँग आयलंडमधील वेस्टबरी येथील प्रदर्शनात मुलांसाठी एक वेगळा वर्ग ठेविला गेला. वर्गाचे नाव साधे होते, ‘मुलांचे हँडलिंग’. १९५१ साली ते बदलून ‘ज्युनियर शोमनशिप’ झाले. नवे नाव मला तितकेसे आवडत नाही. जुन्यात हात होता, नव्यात दिखावा आला. ते असो. ह्या वर्गातील अट फार मोलाची होती आणि आजही तीच आहे. परीक्षकाने कुत्र्याच्या रूपाला गुण द्यावयाचे नाहीत, ते कसे धरले आहे एवढेच पाहावयाचे.

अट का मोलाची, ते थोडे विस्ताराने सांगतो. दहा वर्षांचे पोर कुत्रे विकत घेत नाही, ते बाप घेतो. उंची वंशावळीचे पिल्लू ज्याला परवडते त्याचे पोर नेहमीच्या वर्गात आपोआप पुढे जाणार, आणि शेजारचे पोर पहाटे उठून कितीही मेहनत करो, त्याच्या कुत्र्याचे कान चुकीच्या जागी असले की संपले. मुलाला जगाकडून मिळणारा हा पहिला निवाडा असतो. तो बापाच्या ऐपतीवर झाला, तर त्यातून मूल काय शिकेल हे सांगावयास नको.

मग परीक्षक पाहतो तरी काय? दोरी ताठ आहे की सैल, हे आधी. ताठ दोरी म्हणजे ओढाताण. सैल दोरी म्हणजे समजूत. परीक्षकाने रिंगणात कोठेही उभे राहावे, मुलाने त्याच्या आणि कुत्र्याच्या मध्ये येऊ नये. त्यासाठी जागच्या जागी हात आणि बाजू बदलावी लागते. सरळ जाऊन परत, त्रिकोणात, काटकोनात, जसे सांगितले तसे चालवून दाखवावयाचे. कुत्रे बिथरले, खाली बसले, शेजारच्यावर भुंकले, तरी मुलाने चिडू नये. किंबहुना कुत्रे बिथरते तेव्हाच खरी परीक्षा होते, कारण जे कधी चुकत नाही त्याला धरावयास हात लागतोच कशाला? पोशाख नीटनेटका असावा, पण डोळ्यांत भरणारा नसावा. ह्यातला विरोधाभास मोठा मौजेचा आहे. परीक्षा मुलाची आहे, आणि जो मुलगा परीक्षकाची नजर आपल्यावरून काढून कुत्र्यावर नेईल तोच पहिला येतो. प्रौढांच्या हँडलिंगच्या स्पर्धाही आता इंग्लंडात होतात. मोजमाप तेच, फक्त मुलाच्या चुकीला मिळते ती माया प्रौढाला मिळत नाही. आणि ते योग्यच आहे.

धरणाऱ्याच्या परीक्षेची कल्पना आपल्याला अगदीच परकी आहे असे मात्र समजू नये. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी येतो, तेव्हा त्याच्यामागे एक कुत्रे असते. इंद्र म्हणतो, हे सोड आणि रथात बस. तो सोडीत नाही. त्या कुत्र्याची जात कोणती, रंग कोणता, ह्याची विचारपूस कोणी केली नाही, कारण परीक्षा कुत्र्याची नव्हतीच. फरक एवढाच की तेथे दोरीही नव्हती.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आमच्याकडे कुत्र्यापेक्षा बैलाचे महत्त्व, हे सांगावयास नको. जुन्या सरकारी नोंदींत वऱ्हाडी बैलांच्या एका जातीला खामगावचेच नाव दिलेले आढळते. बाजारात बैलाचे ओठ उचलून आदत, दुसा, चौसा, जुळलेला असे एका दृष्टिक्षेपात सांगणारी माणसे चिखली-मेहकरकडे आजही भेटतील. श्वानप्रदर्शनातला परीक्षक दात पाहतो ते वय सांगण्यासाठी नव्हे, जबड्याची ठेवण पाहण्यासाठी. पण हात तोच आणि जनावराची कुरकुरही तीच.

श्रावण अमावास्येला पोळा भरतो. आदल्या दिवशी खांद शेकतात, बैलांना आवतण देतात. मग झूल, बाशिंग, घुंगरमाळा घालून जोड्या तोरणाखाली एका ओळीत उभ्या राहतात, आणि गावोगाव उत्तम जोडीला बक्षीस देण्याचीही चाल पडली आहे. मोठ्या शेतकऱ्याच्या जोडीचा कासरा धरून उभा असतो तो पुष्कळदा सालदार. ज्याने वर्षभर पहाटे उठून वैरण टाकली, खांदा आला तर हळद-तेल लावले, तिफणीला सरळ तास काढावयास शिकविले, तो हा मनुष्य. त्या दिवशी त्याला मालकाकडून नवे कपडे आणि गोडाचे जेवण मिळते. नारळ व बक्षीस मात्र मालकाच्या नावाने पुकारले जाते. न्यूकॅसलच्या बंदुकांचा न्याय हाच होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. तो नागपुरास दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला, असे परंपरा सांगते. आज विदर्भात अनेक ठिकाणी तो भरतो. मुले लाकडी बैल सजवून ओढीत आणतात आणि बक्षिसे मिळवितात. कल्पना फार सुंदर आहे. पण एखाद्या तान्ह्या पोळ्यात परीक्षक होण्याचा प्रसंग आपणांपैकी कोणावर आला तर काय दिसेल? एकाचा बैल पुरुषभर उंच, सुताराकडून मुद्दाम घडविलेला, चाकांना पितळी पट्ट्या. दुसऱ्याचा वीतभर, मातीचा, शिंगांना आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी. बक्षीस उंच बैलाला गेले, तर ते सुताराला आणि बापाला गेले. ब्रम्बीची अट येथे लावून पाहा. बैल कोणाचा ते विसरावयाचे. शिंगे कोणी रंगविली, दोरी कोणी वळली, आणि बैल उलटला तेव्हा पोर रडले की त्याने तो उचलून पुन्हा चालू केला, एवढेच पाहावयाचे.

शंकरपटात घड्याळ परीक्षक असते, तेव्हा हा प्रश्न तेथे वेगळ्या वाटेने आला. धुरकऱ्याचा हात जोडीला पळवितो की छळतो, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ साली शर्यती बंद झाल्या. २०१७ साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. मारहाण, टोचणी, चाबूक ह्यांना नियमाने बंदी आहे. म्हणजे धरणाऱ्या हाताला पहिले येण्यापूर्वी आता निदान उत्तीर्ण तरी व्हावे लागते.

एक शेवटची गोष्ट सांगून थांबतो. अमेरिकेतील मुलांच्या वर्गात परीक्षकाने मुलांना एकमेकांची कुत्री बदलावयास लावू नये, असा दंडक आहे. उलट लंडनच्या क्रफ्ट्स नावाच्या प्रदर्शनात, जे आता बर्मिंगहॅमला भरते, देशोदेशींची मुले हँडलिंगच्या स्पर्धेस जातात, तेव्हा पुष्कळांना आपले कुत्रे समुद्रापार नेता येत नाही. ती तेथे उसन्या कुत्र्यावर उभी राहतात. अनोळखी जनावराशी थोडक्या वेळात ओळख करून घ्यावयाची आणि त्याला घेऊन रिंगणात उतरावयाचे. आपल्याकडे सालदाराचे साल पाडव्याला किंवा आखाजीला संपते. मालक बदलला तर तो जुन्या जोडीचा कासरा दुसऱ्याच्या हाती देतो आणि नव्या गोठ्यात परक्या बैलांपुढे जाऊन उभा राहतो. पहिले काही दिवस ते त्याला जवळ येऊ देत नाहीत. तो वैरण आपल्या हातानेच टाकतो, पाण्यावर आपणच नेतो, आणि जूपणी उन्हाळवाहीला धरतो, पेरणीची वाट पाहत नाही.