'कुणाचं १८४३?' : एका अ‍ॅनिमेशनपटाने शिकवलेला धडा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका प्रकरणाच्या मसुद्यात मी अगदी थाटात लिहिलं होतं, की रिचर्ड विल्यम्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या अ‍ॅनिमेशनपटात १८४३ चं लंडन जसंच्या तसं दिसतं. मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले, 'कुणाचं १८४३?' तेव्हा राग आला होता. नंतर कळलं, की त्या एका वाक्यावर उभी असलेली माझी चौदा पानं कोसळली आहेत.

आधी फिल्मबद्दल. जेमतेम २५ मिनिटांची. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर दाखवली गेली, मग थिएटरात आली आणि १९७२ चं सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेटेड लघुपटाचं ऑस्कर घेऊन गेली. आधी टीव्हीवर दाखवलेल्या फिल्मला ऑस्कर कसं, म्हणून कुरबुर झाली आणि अकादमीने पुढे नियमच बदलला. चित्रं बघितलीत तर वाटतं, जुन्या पुस्तकातलं खोदचित्रच हलायला लागलंय. बारीक रेघांचं जाळं, कोळशासारखा काळोख. माझी फसगत झाली ती इथेच.

कारण ही चित्रं लंडनची नाहीतच, ती चित्रांची चित्रं आहेत. एक आधार जॉन लीचचा, ज्याने डिकन्सच्या मूळ पुस्तकासाठी आठ चित्रं काढली. दुसरा मिलो विंटर या अमेरिकन चित्रकाराच्या १९३० च्या दशकातल्या रेखाचित्रांचा. आवाज तर आणखी तिसऱ्याच काळातून आलेले. स्क्रूजला आवाज दिला अ‍ॅलिस्टर सिमने, मार्लीच्या भुताला मायकेल हॉर्डर्नने. दोघांनी याच भूमिका १९५१ च्या ब्रिटिश चित्रपटात केल्या होत्या. म्हणजे मी ज्याला '१८४३' म्हणत होते, त्यात निदान चार काळ एकमेकांवर चढलेले होते.

बरं, लीच तरी मूळ का? त्याचं 'अज्ञान आणि गरज' हे चित्र काढून बघा. वर्तमानाचं भूत आपल्या झग्याखालून दोन हडकुळी मुलं बाहेर काढतं तो प्रसंग. लीचच्या चित्रात मागे कारखान्यांची धुरांडी आहेत. डिकन्सच्या मजकुरात त्या जागी धुरांडी नाहीत! ती लीचने आणली. पुस्तक छापून बाहेर पडायच्या आधीच त्याचं रूपांतर सुरू झालं होतं.

आणि ही धुरांडी उगीच आलेली नाहीत. लहान मुलांच्या कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा खाणींवरचा अहवाल १८४२ मध्ये आला, कारखाने आणि इतर उद्योगांवरचा १८४३ मध्ये. तो वाचून हादरलेल्या डिकन्सला गरिबांच्या मुलांसाठी एक आवाहन-पुस्तिका काढायची होती. ती राहिली. ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरला भाषण करून आल्यावर त्याने सुमारे सहा आठवड्यांत ही गोष्ट लिहून काढली. १९ डिसेंबरला पुस्तक बाजारात, ख्रिसमसच्या आदल्या दिवसापर्यंत ६,००० प्रती संपल्या. किंमत पाच शिलिंग. गोष्टीतल्या बॉब क्रॅचिटचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग. म्हणजे आपलीच गोष्ट विकत घ्यायला बॉबला आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. ('लोकप्रिय पुस्तक' असं लिहिताना हा हिशेब एकदा करून बघा.)

आता परत फिल्मकडे. विल्यम्सने ती दोन मुलं ठेवली. खाणकामगारांच्या झोपडीवरून, दीपगृहावरून, समुद्रातल्या जहाजावरून होणारा प्रवासही ठेवला, जो बहुतेक रूपांतरांत पहिल्यांदा कापला जातो. १९८३ च्या डिस्नेच्या 'मिकीज ख्रिसमस कॅरल'मध्ये ती मुलं नाहीत. फिल्म जवळपास तेवढ्याच लांबीची, म्हणजे 'वेळ नव्हता' हे कारण पुरत नाही. एकाला जे ठेवावंसं वाटलं ते दुसऱ्याने का गाळलं, या प्रश्नाचं उत्तर १८४३ च्या कागदपत्रांत मिळणार नाही. त्यासाठी १९७१ आणि १९८३ चे कागद लागतात : वाहिनीचं वेळापत्रक, प्रायोजक, स्टोरीबोर्ड, तेव्हाची परीक्षणं. मी मात्र सहा महिने चुकीच्या शतकाच्या फायली चाळत होते.

पटकथा मूळ पुस्तकाशेजारी ठेवून 'काय गाळलं, काय वाढवलं' असा साधा तक्ता करायला मला दोन दुपारी लागल्या. तो आधी केला असता तर चौदा पानं वाचली असती.

ते वाक्य आता प्रबंधात असं आहे : '१८४३ चं लंडन कसं दिसायला हवं, याची १९७१ मधली कल्पना या फिल्ममध्ये दिसते.' मॅडमनी या वेळी समासात काहीच लिहिलं नाही. फक्त '१९७१'खाली पेन्सिलने एक रेघ ओढली आहे. तिचा अर्थ विचारायला सोमवारी जायचंय.