फ्रेंच भाषेचे अध्यापन व साहित्य

फ्रेंच ही ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना ती शिकविण्यासाठी साहित्यकृतींचा उपयोग करण्याची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात फ्रेंच ही यूरोपीय दरबारांची व मुत्सद्देगिरीची भाषा होती. तिचे पाठ्यपुस्तक म्हणून फ्रांस्वा फेनलाँ (१६५१–१७१५) याच्या तेलेमाक (१६९९) या गद्यकथेचा यूरोपभर प्रसार झाला. चौदाव्या लुईच्या नातवासाठी लिहिलेल्या या ग्रंथात राजनीतीचा उपदेश होता. परदेशी विद्यार्थ्यांनी मात्र तो मुख्यतः स्वच्छ गद्याचा नमुना म्हणून वाचला.

याच ग्रंथाच्या आधारे झोझेफ झाकोतो (१७७०–१८४०) याने केलेला प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. बूर्बाँ राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर फ्रान्स सोडावा लागलेल्या झाकोतोकडे १८१८ मध्ये लूव्हाँ विद्यापीठातील फ्रेंच साहित्याचे अध्यापन आले. त्याच्या अनेक विद्यार्थ्यांना फ्रेंच येत नव्हती आणि त्याला डच येत नव्हती. तेव्हा त्याने तेलेमाकची द्विभाषिक आवृत्ती त्यांच्या हाती दिली. पहिल्या सर्गाचा अर्धा भाग डच भाषांतराच्या साहाय्याने घोकावयाचा, उरलेला ग्रंथ कथा सांगता येईल इतपत वाचावयाचा व मग त्याविषयी फ्रेंचमध्ये लिहावयाचे, असा क्रम त्याने ठरविला. व्याकरणाचा एकही नियम न समजावता विद्यार्थ्यांचे लेखन अपेक्षेहून पुष्कळच सरस उतरले, असे त्याने नमूद केले आहे. यातून निघालेल्या त्याच्या ‘सार्वत्रिक शिक्षण’ पद्धतीचे दावे अतिशयोक्त होते. तथापि भाषा येण्यापूर्वीच साहित्य हाती देता येते, हा तिच्यातील मर्माचा मुद्दा पुढे मागे पडला.

विसाव्या शतकात साहित्य अभ्यासक्रमाच्या अखेरीस गेले. गास्ताँ मोझे याच्या १९५३ पासून निघालेल्या पाठ्यपुस्तकमालेत लेखकांना चौथ्या भागात स्थान मिळाले. झॉर्झ गूगेनेम व त्याच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रित संभाषणांवरून पायाभूत फ्रेंचचे सु. दीड हजार शब्द निवडले. त्यावर आधारलेल्या दृक्‌श्राव्य पाठांत संवाद व चित्रफिती आल्या आणि नवशिक्यांच्या वर्गातून साहित्य जवळजवळ हद्दपार झाले. दैनंदिन व्यवहाराची भाषा त्यामुळे लवकर येऊ लागली, हे नाकारता येत नाही.

झां पेतार व इतरांच्या १९८२ मधील ग्रंथाने भाषेच्या वर्गातील साहित्याचा प्रश्न पुन्हा चर्चेस आणला. फ्रांसिस देबीझेर याच्या ‘इमारत’ (१९८६) या पुस्तकात विद्यार्थी एका काल्पनिक इमारतीतील रहिवाशांची चरित्रे स्वतः रचतात. या कल्पनेमागे झॉर्झ पेरेक याच्या १९७८ मधील कादंबरीची प्रेरणा होती. आफ्रिका, कॅरिबियन बेटे व क्वेबेक येथील फ्रेंच लेखकही क्रमाने पाठांत आले. यूरोप परिषदेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक पूरक खंडात, एखादी कलाकृती आपणास कशी वाटली हे साध्या शब्दांत सांगणे, ही क्षमता अगदी पहिल्या पातळीवरच नोंदविली आहे.